दहा फुटांच्या आत

माझ्या अंगणात एक पेटी आहे. तिच्या झडपेपासून दहा फुटांच्या आत मी किंवा माझ्या घरचं कोणी जाणार नाही, असं मी स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं आहे. माझ्या घराचा दरवाजा त्या झडपेपासून नऊ फुटांवर आहे आणि व्हरांडा आठ फुटांवर. म्हणजे कागदावर बघितलं तर गेली तीन वर्षं आम्ही नवराबायको आपल्याच घरात शिरलेलो नाही.

लिहून देणारा कोणी नवखा असता तर एक वेळ समजू शकलो असतो. मी, शालिग्राम तेलगोटे, वीजखात्यात बत्तीस वर्षं लाइनमन होतो. लोकांच्या आवारात खांब रोवले, भिंतींना ब्रॅकेट ठोकले, आंब्याच्या फांद्या तोडल्या. घरमालकाकडून कोणता कागद कसा घ्यायचा हे मला पाठ होतं. तरी मीच फसलो, आणि मला कोणी फसवलं नाही याचाच जास्त राग येतो.

पेटी आली २०४० साली. प्रत्येक वस्तीने आपली वीज आपल्याजवळ साठवलीच पाहिजे, असा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. अकोल्याच्या उन्हात छपराछपरावर वीज तयार होते, पण ती होते दुपारी आणि लोकांना लागते संध्याकाळी. आमच्या लेआउटच्या जुन्या नकाशात वीजवाहिनीसाठी चार फुटांची एक पट्टी राखून ठेवलेली होती, आणि ती नेमकी माझ्या अंगणातून जाते. प्लॉट घेताना मला ते माहीत होतं. फार तर एखादा खांब येईल असं वाटलं होतं. आला तो ऑटोरिक्षाएवढा लोखंडी डबा.

आत काय आहे ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोखंड गंजतं म्हणजे ते हवेतला प्राणवायू घेतं, आणि घेताना थोडी शक्ती सोडतं. तुमच्या फाटकाची कडी गंजते तेव्हाही सोडते, पण ते इतकं सावकाश चालतं की कोणाच्या लक्षात येत नाही. या पेटीत लोखंडाच्या भुकटीच्या पाट्या क्षाराच्या पाण्यात बुडवून ठेवल्या आहेत, आणि त्यांना मोजूनमापून, मुद्दाम गंजू देतात. संध्याकाळी पेटी बाहेरची हवा ओढते, लोखंड गंजतं आणि साठ घरांचे पंखे फिरतात. सकाळी दहाच्या सुमाराला सगळं उलटं सुरू होतं. छपरांवरची वीज पेटीत शिरते, गंजाचं पुन्हा लोखंड होतं, आणि गंजात अडकलेला प्राणवायू मोकळा होऊन झडपेतून बाहेर पडतो. तीन वाजेपर्यंत तो असा बाहेर पडत राहतो, कोमट आणि ओलसर. कान दिला तर म्हैस झोपेत सुस्कारा टाकते तसा आवाज येतो.

पेटी बसवायला आलेल्या इंजिनिअरने शेवटी स्क्रीनची एक पाटी माझ्यापुढे धरली. "काका, इथे बोट ठेवा. ग्राहकाच्या आवारातलं काम त्याने स्वतः मान्य केल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. नवीन नियम आहे."

मी बोट ठेवलं. पेटी घुरघुरली. आमच्या वेळी असला नियम असता तर अर्ध्या जिल्ह्यात अंधार राहिला असता, असं मी त्याला म्हणालो आणि आम्ही दोघं हसलो.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीला मी घोटाळा केला. आमच्याकडे ही रीत आहे. लाइनमन त्या दिवशी पक्कड, टेस्टर आणि कमरेचा पट्टा पाटावर मांडतो, आणि ज्याच्यावर वर्षभर चढायचं त्या खांबालाही हळदकुंकू लावतो. निवृत्त झाल्यावरही मी हत्यारांची पूजा सोडली नव्हती, आणि आता तर विजेची वस्तूच दारात होती. पेटीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि कापूर पेटवून आरती ओवाळली. वेळ सकाळी अकराची. कापराची ज्योत झडपेसमोर गेली आणि एकदम हातभर उंच, पांढरी झाली. हार जळाला, माझी डावी भुवई गेली. बत्तीस वर्षं विजेच्या तारांशी खेळलेल्या माणसाला प्राणवायूपुढे जाळ धरू नये एवढं कळलं नाही.

दहा मिनिटांत फोनवर कंपनीची नोटीस आली. झडपेजवळ उघडी ज्योत आढळली, पुन्हा असे करू नये, बस्स. उत्तर मागितलेलंच नव्हतं.

पण नोकरदाराची सवय जात नाही. आमच्या खात्यात मेमो आला की त्याच दिवशी लेखी खुलासा द्यायचा. चूक असो नसो, द्यायचा. मी अशा खुलाशांवर तीन पदोन्नत्या काढल्या. नोटीस वाचल्याबरोबर मी टेबलाशी बसलो आणि हात आपोआप चालू झाला. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, अनवधानाने सदर प्रकार घडला, यापुढे अशी चूक होणार नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कागद जरा भरगच्च दिसावा म्हणून मी पुढे लिहिलं, की मी व माझे कुटुंबीय सदर झडपेच्या दहा फुटांच्या आत जाणार नाही व त्या जागेचा कोणताही वापर करणार नाही.

प्रमिलाने, माझ्या बायकोने, खांद्यावरून वाचलं. "दहा काहून लिवले?"

"पाच लिवलं तर साहेबाले कमी वाटते."

"कोणता साहेब? तुमी रिटायर झाले ना?"

मी कागदाचा फोटो काढून पाठवून दिला आणि विसरलो.

आता प्रमिलाबद्दल. लग्नानंतर बावीस वर्षं ती जिनिंगमध्ये होती, कापसाच्या ढिगाऱ्यात. तिथली बारीक पूड तिच्या छातीत बसली आणि साठीनंतर वर आली. चार पावलं चालली की ओठ निळे. डॉक्टरांनी हवेतून प्राणवायू वेगळा करणारं यंत्र घरी ठेवायला सांगितलं. ते आम्ही खाटेजवळ ठेवलं. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक यंत्राला, आणि नळी पोचेल तेवढंच तिचं जग. "मले बैलावानी येसण घातली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. हसत सांगायची, पण मला ते ऐकवत नसे.

मागच्या एप्रिलमध्ये तिच्या यंत्राची मोटर जळाली. दुसरं येईपर्यंत मी तिला हवेशीर म्हणून व्हरांड्यात आणून बसवलं. आमच्या व्हरांड्याला तीन बाजूंनी भिंत आहे आणि चौथी बाजू पेटीच्या झडपेसमोर उघडी. मी घाबरून दर पाच मिनिटांनी तिच्या बोटाला चिमटा लावत होतो, तो रक्तातला प्राणवायू दाखवणारा. घरात असताना आकडा सत्त्याऐंशी होता. अर्ध्या तासाने ब्याण्णव. मला वाटलं चिमटा बिघडला. माझ्या बोटाला लावून बघितला, नीट होता.

ती म्हणाली, "मले बरं वाटून राह्यलं. तुमी ते चिमट्याचं डबडं माह्यापासून दूर करा."

त्या दिवसापासून सकाळी दहा ते दुपारी तीन प्रमिला नळीशिवाय राहू लागली. व्हरांड्यात खुर्ची टाकून ती तुरीच्या शेंगा सोलायची, भाजीवालीशी भाव करायची, समोरच्या घरच्या सुनेला पापडाचं पीठ कसं मळायचं ते ओरडून सांगायची. ओरडून, हे महत्त्वाचं. दोन वर्षं तिचा आवाज खोलीबाहेर आला नव्हता. मी चूल, उदबत्ती, विडी, सगळं त्या बाजूने बंद केलं आणि पेटीवर चढलेला माझा राग हळूहळू उतरला. तीन वाजता पेटीचा सुस्कारा थांबला की आम्ही आत जायचो आणि प्रमिला परत नळी लावायची. पाच तास, पण ते तिचे होते.

या दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं. पेटीच्या झडपेवर प्राणवायू गोळा करणारं झाकण बसवण्यात येईल, जमा झालेला वायू नळीने दवाखान्यांना पुरवण्यात येईल, ग्राहकास कोणतीही तोशीस पडणार नाही. झाकणाचं चित्र होतं, बाळाच्या टोपड्यासारखं. मी त्याला टोपडंच म्हणायला लागलो.

दवाखान्यांना प्राणवायू जाऊ नये असं मला वाटत नव्हतं. माझ्या घरातच एक पेशंट आहे. माझं म्हणणं इतकंच होतं, की पाच तासांतले दोन तरी झडप उघडी ठेवा, किंवा टोपडं दुसऱ्या वस्तीच्या पेटीला लावा. हे सांगायला मी फोन केला. फोन घेते ती ऊर्जासखी. ती माणूस नाही, पण तिचा आवाज पुण्याच्या शाळेतल्या बाईंसारखा आहे.

"नमस्कार शालिग्रामजी. आपली अडचण मी समजू शकते."

"समजते तर मग टोपडं लावू नका."

"पेटी कंपनीच्या मालकीची आहे."

"जागा माह्या मालकीची हाय."

"अगदी बरोबर. आपल्या भावना मी नोंदवल्या आहेत. आपण या संवादाला किती तारे द्याल?"

असं अकरा वेळा झालं. मी विभागीय कार्यालयात गेलो. तिथे पूर्वी माझ्या हाताखालची माणसं बसायची, आता एक पडदा बसतो. पडद्यावर पुन्हा तीच ऊर्जासखी आली आणि म्हणाली, आपण प्रत्यक्ष आलात याचा आनंद झाला. त्या दिवशी मी चप्पल हातात घेऊन घरी आलो. चपलेचा अंगठा तुटला होता, पण प्रमिलाला वेगळाच संशय आला.

मग मी कायदा वाचला. चष्मा लावून, दोन आठवडे. आणि मला कलम सापडलं. घरमालकाच्या आवारातल्या यंत्रात कंपनीला बदल करायचा असेल, आणि त्या बदलाने घरमालकाचा जागेचा चालू वापर कमी होणार असेल, तर त्याची संमती घ्यावी लागते किंवा पर्याय द्यावा लागतो. मी टेबलावर हात आपटला. व्हरांड्याचा वापर चालू होता. चिमट्याचे आकडे मी रोज वहीत लिहीत होतो. शेजाऱ्यांच्या साक्षी होत्या. मी तक्रार दाखल केली आणि सुनावणीची तारीख लागली.

सुनावणी घेणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या, श्रीमती देशकर. माणूस होत्या, एवढ्यानेच मला बरं वाटलं. त्यांनी माझी वही पानापानाने बघितली. प्रमिलाची तब्येत विचारली. मग कंपनीच्या वकिलाकडे वळल्या.

वकील उठून उभाही राहिला नाही. त्याने पडद्यावर एक कागद आणला. माझंच अक्षर, थोडं तिरपं, लाइनमनचं.

"तेलगोटे साहेब," देशकर बाईंनी वाचून विचारलं, "ही सही तुमचीच ना?"

"हो."

"'त्या जागेचा कोणताही वापर करणार नाही.' हे तुम्हाला कोणी लिहायला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग का लिहिलंत?"

काय सांगणार? बत्तीस वर्षं लिहीत आलो म्हणून लिहिलं, असं सांगितलं असतं तर वकील हसला असता. मी म्हणालो, "मेमो आला म्हणून."

त्यांनी माझी वही मिटली. मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटलं. "कलम तुमच्या बाजूने आहे," त्या म्हणाल्या. "पण ते चालू वापराबद्दल आहे. तुमच्याच लेखी म्हणण्याप्रमाणे दहा फुटांच्या आत तुमचा काही वापर नाही. व्हरांडा आठ फुटांवर आहे. मी काय करू सांगा."

तक्रार निकाली निघाली. कंपनीने मला हरवलं असतं तर मी घरी येऊन चार शिव्या दिल्या असत्या. इथे शिव्या द्यायला दुसरं कोणी नव्हतंच.

घरी परतताना बसमध्ये मला तुळसाबाई आठवली. पातूरकडच्या एका खेड्यातली विधवा, माझ्या नोकरीच्या सुरुवातीची. तिच्या अंगणात आम्ही खांबाचा ताण रोवला, जमिनीत तिरपी जाणारी जाड तार. तार नेमकी तिच्या न्हाणीच्या वाटेत आली. ती म्हणाली, हातभर इकडे घ्या. मी म्हणालो, सरकारी काम आहे. कागद पुढे केला तर तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "रोव बाप्पा तुले रोवाचा तर. मी आंगठा नाई देत." मला हसू आलं होतं. पाटलाच्या आणि पानवाल्याच्या सह्या साक्षीदार म्हणून घेतल्या, आणि अर्ध्या तासात काम कागदावर पुरं झालं. पुढे ती त्या तारेला अडखळून पडली असं ऐकलं. मी बघायला गेलो नाही. बसमध्ये तिच्या आठवणीने मला माझीच लाज वाटली, चाळीस वर्षांनी, आणि काही उपयोग नसताना.

टोपडं बसवायला मंगळवारी सकाळी पावणेदहाला गाडी आली. उतरला तो अंबादास गावंडे. खात्यात माझ्याच हाताखाली तयार झालेला, आता पन्नाशीचा, कंपनीच्या ठेक्यावर. मला बघून आधी पाया पडायला वाकावं की हत्यारं काढावीत हे त्याला कळेना.

"सर, मले माईत नोतं तुमचं घर हाय म्हून."

"माईत असतं तर काय केलं असतं?"

"काही नाई," तो खरं बोलला. "दुसरा आला असता."

प्रमिला व्हरांड्यात होती. दहा वाजायला आले होते म्हणून तिने नळी काढून ठेवली होती, सवयीने. तिने अंबादासच्या बायकोची चौकशी केली, पोरीचं लग्न ठरलं का विचारलं. मग तिने त्याला चहा घे म्हटलं आणि तो नको म्हणाला. बिचाऱ्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. त्याने टोपडं झडपेवर बसवलं, बोल्ट आवळले, नळी जोडली. काम चोख केलं. मीच शिकवलं होतं.

शेवटी तो पाटी घेऊन माझ्यापाशी आला. "सर, इथं बोट."

मी बोट पुढे केलं. खोटं कशाला बोलू, केलंच. कोणी कागद पुढे धरला की माझा हात जातो. बोट पाटीपासून इंचभर असताना मला ते पदराखालचे दोन हात दिसले.

"अंबादास, मी नाई ठेवलं तर?"

"तर काय?" त्याने इकडेतिकडे बघितलं. "तर काम क्लोज नाई होत सर. म्हंजे, पुरं झालं असं नाई दाखवत. तोपर्यंत टोपड्याची झडप उघडीच राह्यते, हवेत."

"दोन साक्षीदारांच्या सह्या घेशीन तू."

"आता नाई चालत. मालकाचंच बोट लागते." मग तो हळूच म्हणाला, "जुन्या लायनीत लय खोट्या सह्या घेत लोक. म्हून हा नियम केला म्हणे."

मी हात मागे घेतला. दोन्ही हात शर्टाच्या खिशात घातले. पदर नव्हता, काय करणार.

"हे कायमचं नाई सर," अंबादास म्हणाला. "सात दिवसांनी तुमाले इचारतीन. मंग परत इचारतीन. मंग कोणीतरी साहेब पाहाले येईन. मंग काय होईन मले नाई माईत."

"इचारू दे."

तो गेला. जाताना त्याने प्रमिलाला नमस्कार केला आणि या वेळी चहा मागून घेतला.

सात दिवसांनी फोनवर पत्र आलं. काम पूर्ण होऊनही आपण मान्यता दिलेली नाही, कृपया कारणाचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. खाली रिकामी चौकट होती. मी सवयीने टेबलाशी बसलो, चष्मा लावला, पेन काढलं. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, इथपर्यंत वाक्य डोक्यात तयारच होतं. पुढचंही तयार होतं. कारण खरं होतं, अक्षर चांगलं होतं, आणि चौकट चांगली मोठी होती. तीन ओळी लिहिल्या असत्या तर त्यातल्या कोणत्या ओळीत मी परत काय देऊन बसलो असतो, देवच जाणे.

साडेदहा झाले होते. बाहेर टोपड्याच्या उघड्या झडपेतून तो सुस्कारा चालू झाला होता आणि प्रमिला समोरच्या सुनेला काहीतरी ओरडून सांगत होती. मी पेनाला टोपण लावलं आणि बाहेर आलो.

"काय लिवलं?" तिने विचारलं.

"काही नाई."

"तुमी? काहीच नाई लिवलं?" तिचा विश्वास बसेना.

"नाई."

पुढ्यातल्या शेंगांचं सुपडं तिने माझ्याकडे सरकवलं. मी आतून माझी खुर्ची आणली आणि तिच्या खुर्चीला चिकटवून ठेवली, झडपेपासून आठ फुटांवर.